चाकांवरचं घर आणि अब्बांची वही

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी बायको लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. महाविद्यालयातून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. तिथं पोचल्यावर चौथ्या दिवशी जावयाने दारात एक भलीमोठी पांढरी गाडी आणून उभी केली. पंचवीस फूट लांब. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, बेसिन, संडास-बाथरूम, जेवायचं टेबल. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. सहा दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. आधी शेतीचा मुलूख बघायचा, मग समुद्राच्या कडेकडेने परत यायचं, असा बेत होता.

"मामू, चाकांवरच्या घरात राहिलात का कधी?" जावयाने हौसेने विचारलं.

मी हसून "नाही" म्हणालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की मी खोटं बोललो.

१९७३च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बारा वर्षांचा होतो. आमच्या बीड जिल्ह्यातून बैलगाड्यांचा तांडा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याकडे निघाला होता आणि त्यातल्या एका गाडीत मी होतो. गाडीत बाजरीचं पोतं, तवा, घागर, वाकळा, कोंबड्यांचा डालगा आणि त्यावर बसलेली पोरं. कुत्रं गाडीखालून, दोन चाकांच्या मधून, सावली धरून चालायचं. पाच दिवस आम्ही त्या गाडीत राहिलो. रात्री बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची, गाडीखाली झोपायचं.

माझे अब्बा त्या टोळीचे मुकादम होते. कारखान्याकडून पैसे घ्यायचे, ते उचल म्हणून मजुरांना वाटायचे, टोळी घेऊन जायची आणि पाच-सहा महिने ऊस तोडून घेऊन उचल फेडून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. ती वही आजही माझ्याकडे आहे. या लेखात तिच्याबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी कॅलिफोर्नियाचा रस्ता सांगावा लागेल. मला ती वही त्या रस्त्यावर वाचता आली.

हौसेची गाडी

आरव्हीचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मोटार प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने एक मोटार मांडली होती. मागची सीट उलगडली की पलंग व्हायचा, हात धुवायचं बेसिन होतं, शौचाचीही सोय होती. अमेरिकेत आरव्हीची सुरुवात बहुतेक जण इथूनच सांगतात. पुढे १९१५ ते १९२४ या काळात हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन उन्हाळ्यात मोटारी घेऊन जंगलात मुक्कामाला जायचे. ते स्वतःला भटके म्हणवून घेत. या भटक्यांच्या सोबत आचारी असत, नोकर असत आणि सामानासाठी वेगळ्या गाड्या असत. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून यायचे. मोटारीतून भटकणं ही अमेरिकेत चांगल्या घरची हौस झाली, त्यात या फोटोंचा वाटा मोठा आहे.

आमच्या गाडीतही सगळ्या सोयी होत्या, फक्त पाणी मोजून वापरावं लागायचं. खाली तीन टाक्या होत्या. एक चांगल्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, तिसरी संडासाची. शेवटच्या दोन टाक्या ठरलेल्या ठिकाणी नेऊन नळी लावून रिकाम्या करायच्या. लेकीने नळाची बारीक धार दाखवली आणि म्हणाली, "पप्पा, वजू एवढ्याच पाण्यात." मला त्याचं काही वाटलं नाही. दुष्काळी जिल्ह्यातला माणूस तांब्याभर पाण्यात वजू करून वर चूळही भरतो.

अडचण दिशेची झाली. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेला मी. कॅलिफोर्नियातून किबला येतो उत्तर-ईशान्येला. त्यात गाडी रोज वेगळ्या तोंडाने उभी. एक दिवस फ्रीजसमोर, एक दिवस ड्रायव्हरच्या सीटसमोर. नात मोबाईलवर होकायंत्र धरून उभी राहायची आणि नानांना वळवायची.

दगडावरची नावं

९९ क्रमांकाच्या महामार्गाने आम्ही दक्षिणेला निघालो. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, मग द्राक्षं, मग पुन्हा बदाम. फ्रेस्नोच्या आसपास द्राक्षं मनुक्यांसाठी वेलींच्या दोन ओळींमध्ये कागदावर वाळत घालतात. हंगाम संपत आला होता, तरी काही शेतांत ते कागद दिसत होते. वाण कोणता, तर थॉम्पसन सीडलेस. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे नाव ठाऊक असतं. ज्या विल्यम थॉम्पसनच्या नावाने हा वाण जगभर गेला, त्याने तो १८७०च्या दशकात याच खोऱ्याच्या उत्तर भागात, युबा सिटीच्या परिसरात वाढवला.

त्याच युबा सिटीच्या आसपास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शेतकरी आले. बहुतेक शीख, थोडे मुसलमान, त्याहून थोडे हिंदू. अमेरिकन लोक मात्र या सगळ्यांना 'हिंदू' म्हणायचे. १९१३च्या कायद्याने कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येईना. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९४६ साली हा दरवाजा थोडा उघडला. पुढच्याच वर्षी सॅक्रॅमेंटो शहरात तिथल्या मुसलमानांनी मशीद बांधली. पश्चिम अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मशिदींत तिची गणना होते. तिच्या उभारणीत या शेतकरी-मजुरांचा मोठा हात होता.

फ्रेस्नोला आम्ही एका कब्रस्तानात थांबलो. होली क्रॉस हे त्याचं नाव. सहलीच्या यादीत ते नव्हतं, मीच हट्ट केला. २८ जानेवारी १९४८ रोजी कोलिंगा गावाजवळच्या डोंगरात एक विमान कोसळलं. त्यात मेक्सिकोला परत पाठवले जाणारे २८ शेतमजूर होते. वैमानिक, इतर कर्मचारी आणि पहारेकरी मिळून चार जण होते. बत्तीसही जण गेले. बातम्यांत त्या चार जणांची नावं आली. बाकीच्यांची बहुतेक ठिकाणी आली नाहीत, ते नुसते हद्दपार केलेले मजूर ठरले. वुडी गथ्री या गायकाला ही गोष्ट खटकली आणि त्याने त्यावर गीत लिहिलं. ते गीत जगभर गाजलं, पण कबर तशीच राहिली. एकाच खड्ड्यात २८ माणसं आणि वर, २८ मेक्सिकन नागरिक विमान अपघातात मेले, अशा अर्थाचा मजकूर. २०१३ साली टिम हर्नांडेझ या लेखकाच्या शोधामुळे आणि लोकांनी जमवलेल्या पैशांतून तिथं नवा दगड बसला. त्यावर २८ नावं आहेत.

मी दगडासमोर उभा राहून नावं वाचली. उच्चार नीट येत नव्हते, तरी सगळी वाचली. फातिहा पढलो. लेक म्हणाली, "पप्पा, ते ख्रिश्चन होते." मी म्हणालो, "मजूर होते. दुआ पोचेल."

डेलानोचा जनाजा

फ्रेस्नोच्या दक्षिणेला दीड तासावर डेलानो लागतं. ८ सप्टेंबर १९६५ रोजी इथल्या द्राक्षबागांमधल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने काम थांबवलं. आठवड्याभरात मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. त्यांचं नेतृत्व सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा करत होते. अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा १९३५चा मोठा कायदा आहे. त्यातून शेतमजूर मुद्दाम वगळले होते. म्हणून शहरातल्या गिऱ्हाइकांना द्राक्षं विकत घेऊ नका असं सांगत फिरणं, हाच त्यांच्या हातातला मार्ग होता. पाच वर्षांनी, १९७०च्या जुलैमध्ये, बागायतदारांनी करार केले. १९७३ साली करारांची मुदत संपली, तेव्हा बऱ्याच बागायतदारांनी त्यांना सोयीच्या दुसऱ्या संघटनेशी हातमिळवणी केली आणि संप पुन्हा पेटला.

इथं नाजी दैफल्लाहची गोष्ट येते. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे नाव मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत त्या काळी येमेनमधून आलेले हजारो मजूर होते. एकटे पुरुष, मजुरांच्या छावण्यांत राहणारे, घरी पैसे पाठवणारे. नाजी त्यांच्यातला. वय २४. अंगाने किरकोळ. इंग्रजी चांगलं यायचं, म्हणून येमेनी मजूर आणि संघटना यांच्यामधला दुभाषा तोच. १४ ऑगस्ट १९७३च्या पहाटेआधी लॅमॉन्ट गावातल्या एका उपाहारगृहाबाहेर शेरीफच्या एका शिपायाने त्याच्या डोक्यात जड टॉर्च मारली. १५ ऑगस्टला तो गेला. दुसऱ्याच दिवशी आर्विनजवळ संपाच्या रांगेत उभ्या असलेल्या खुआन दे ला क्रूझ या साठ वर्षांच्या मजुराला गोळी घातली गेली, तोही गेला.

नाजीचा जनाजा डेलानोत निघाला तेव्हा हजारो माणसं मैलोन्‌मैल चालली. बहुतेक मेक्सिकन आणि फिलिपिनो, म्हणजे कॅथलिक. त्यांच्यात येमेनी मजूर, आणि कुणाच्या हातात इजिप्तच्या जमाल अब्दुल नासरांची तसबीर. एका अरब मुसलमानाच्या जनाज्याला खांदा द्यायला त्या दिवशी कुणाला धर्म विचारावा लागला नाही. यानंतर संघटनेने आणखी जीव जाऊ नयेत म्हणून शेतावरचे पहारे मागे घेतले आणि पुन्हा बहिष्काराचा मार्ग धरला. १९७५ साली कॅलिफोर्नियात शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला.

डेलानोच्या बाहेर संघटनेचं जुनं ठाणं आहे, फॉर्टी एकर्स. तिथं १९७४ साली म्हाताऱ्या फिलिपिनो मजुरांसाठी एक वसतिगृह बांधलं गेलं, अग्बायानी व्हिलेज. ही माणसं तरुणपणी आली. तेव्हाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करता येत नव्हतं आणि त्यांच्या मुलखातून बायका फारशा येत नव्हत्या. चाळीस-चाळीस वर्षं हंगामामागे हंगाम करत ती एका छावणीतून दुसरीत राहिली. स्वतःच्या नावाची खोली त्यांना म्हातारपणी इथं मिळाली.

वीडपॅचची छावणी

लॅमॉन्टच्या शेजारी वीडपॅच आणि आर्विन. १९३०च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा भागात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती बुडाली. कर्जं आणि यंत्रांमुळे कुळं उठवली गेली, तेव्हा लाखो माणसं मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडी, पोरं लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. ही गोरी, ख्रिश्चन, इंग्रजी बोलणारी माणसं. म्हणजे त्यांना परकं म्हणायला एकही कारण नव्हतं. तरी 'ओकी' ही शिवी झाली. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखाने शंभराहून जास्त पोलीस थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले. खिशात पैसा नसलेल्यांना परत पाठवायचं, हे त्यांचं काम. फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाने टेक्सासहून आपल्या बेकार मेहुण्याला गाडीत घालून कॅलिफोर्नियात आणलं, तर गरीब माणूस राज्यात आणला म्हणून त्याला शिक्षा झाली. १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

मोटारी घेऊन दोन्ही प्रकारची माणसं निघाली होती. ज्याचं मागे घर होतं त्याचे फोटो छापून आले आणि ज्याचं घर गेलं होतं त्याला पोलिसांनी अडवलं.

आर्विनला सरकारने या लोकांसाठी छावणी उभारली. नळ, स्नानघरं, दवाखाना आणि रहिवाशांनी निवडलेली समिती. जॉन स्टाइनबेक १९३६ साली इथं आला. छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांच्या टिपणांचा त्याला खूप उपयोग झाला. १९३९ साली त्याची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी आली आणि त्याच वर्षी कर्न काउंटीच्या सभेने, म्हणजे ज्या जिल्ह्यात ही छावणी होती त्याच जिल्ह्याने, सार्वजनिक ग्रंथालयांत आणि शाळांत तिच्यावर बंदी घातली. ती बंदी १९४१पर्यंत टिकली.

छावणीतल्या तीन जुन्या लाकडी इमारती जपून ठेवल्या आहेत. शेजारी आजही हंगामी मजुरांची घरं आहेत. आम्ही आमची पांढरी आरव्ही रस्त्याच्या कडेला उभी केली. दोन पोरं सायकलवरून येऊन गाडीकडे बघत राहिली. नातीने आतून त्यांना हात केला. मी गाडीतून उतरायला जरा वेळ लावला. १९७३ साली मी मुकादमाचा पोर म्हणून कोप्यांमध्ये फिरायचो तेव्हा अशीच पोरं माझ्या पायातल्या चपलांकडे बघायची.

समुद्राकडे पाठ

तिथून ४६ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो. तेलाचे पंप, पिस्त्याच्या बागा, मग उघडे पिवळे डोंगर, आणि शेवटी समुद्र. पुढे महामार्ग क्रमांक एक. पिएद्रास ब्लांकास इथं वाळूवर हत्ती-सील लोळत पडलेले असतात, त्यांना बघून नात इतकी हसली की उचकी लागली. मग बिग सर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ खाली पॅसिफिक. जावई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता आणि बायको मोठ्याने आयतुलकुर्सी पढत होती.

हा रस्ता १९३७ साली पुरा झाला. त्याला अठरा वर्षं लागली. दुर्गम भागात काम करायला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातले कैदी आणले होते. रोज ३५ सेंट आणि शिक्षेत सूट, ही त्यांची मजुरी. बिक्सबी पूल १९३२चा आहे, दरीवर एकच मोठी कमान. जगभरातून माणसं येऊन तिथं फोटो काढतात, आम्हीही काढला.

दुपारी एका वळणावर गाडी थांबवली. मी चटई घेऊन उतरलो आणि सवयीने समुद्राकडे, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. नातीने हात धरून मला वळवलं. समुद्र पाठीकडे गेला. समोर डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पलीकडे सॅलिनासचं खोरं. प्रवासाची कसर, दोनच रकात. पण त्या दोन रकातींत माझं मन थाऱ्यावर नव्हतं, ते कोप्यांत जाऊन बसलं होतं.

सॅलिनास आणि चुआलार

सॅलिनास हे स्टाइनबेकचं जन्मगाव. त्याच्या नावाच्या संग्रहालयात त्याची एक गाडी ठेवली आहे. १९६० साली त्याने एका ट्रकवर छोटंसं घर बसवून घेतलं, आपला कुत्रा चार्ली बरोबर घेतला आणि अमेरिकाभर फिरला. गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते, डॉन किहोतेच्या घोड्याचं. आत पलंग, शेगडी, टेबल. आमच्या आरव्हीची ही थोरली बहीणच. नातीने काचेतून आत डोकावून सगळं मोजलं आणि निकाल दिला, की आपली गाडी मोठी आहे.

सॅलिनासच्या खोऱ्यातून अमेरिकेला लेट्यूसची भाजी जाते. ती खुरपायला पूर्वी हातभर दांड्याची कुदळ असायची, एल कॉर्तितो. तिने दिवसभर कमरेत वाकूनच काम करावं लागायचं. उभा राहिलेला मजूर मुकादमाला लांबून दिसायचा. कंबर कायमची गेलेले मजूर आणि त्यांचे वकील यांनी लढा दिला, तेव्हा १९७५ साली कॅलिफोर्नियात ती कुदळ बंद झाली.

दक्षिणेला अर्ध्या तासाच्या आत चुआलार हे छोटं गाव येतं. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई झाली म्हणून १९४२ साली अमेरिकेने मेक्सिकोतून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. त्यांना ब्रासेरो म्हणत. १७ सप्टेंबर १९६३ रोजी शेतातलं काम संपवून ५८ मजूर छावणीकडे परत चालले होते. त्यांची बस म्हणजे मालवाहू ट्रक. वर छप्पर टाकलेलं, आत लांब बाकडी. फाटक नसलेल्या रेल्वे ओलांडणीवर मालगाडीने तिला धडक दिली. ३२ जण मेले. चालकावर खटला झाला, तो सुटला. ही ब्रासेरो योजना पुढच्या वर्षाअखेर बंद झाली, त्यात या अपघाताने उठलेल्या ओरडीचा वाटा होता.

आज तिथल्या महामार्गाच्या एका तुकड्याला ब्रासेरोंचं नाव आहे. गाड्या वेगाने जातात. एका लेखकाने सहा दशकांपूर्वी हौसेने केलेलं चाकांवरचं घर काचेच्या मागे जपून ठेवलंय. मजुरांची गाडी जपायचा विचार कुणी केला नाही. ती मोडली. हे काही अमेरिकेचंच नाही. आपल्याकडे राजांच्या पालख्या आहेत, बग्ग्या आहेत. ऊसतोडीची बैलगाडी मी कुठल्या संग्रहालयात पाहिलेली नाही.

वही

आता वहीबद्दल.

१९७२च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणसं जगली. त्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची रांग वाढली आणि अब्बा मुकादम झाले ते तेव्हाच. ऊसतोडीत माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि वहीत कोयत्याच्या पुढे नाव असतं ते नवऱ्याचं.

त्या दिवाळीत मला कारखान्यावर ताप आला. अब्बा काट्यावर, गाड्यांच्या मागे. तीन दिवस मला सांभाळलं ते माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या आईने. पहाटे तीनला फडात जायच्या आधी ती माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवून जायची. तो मुलगा तेव्हा सुट्टीपुरता आला होता, माझ्यासारखाच. हंगाम संपता संपता त्याचे वडील वारले. उचल अर्धीच फिटली होती. पुढच्या वर्षी ती बाई पुन्हा आली. एकट्या बाईचा अर्धा कोयता, त्यात उचल कशी फिटणार? तेव्हा अब्बांनी तिच्या मुलाला दुसरा अर्धा धरलं. वय तेरा. वहीत तशी नोंद आहे, अब्बांच्या सुंदर मोडी वळणाच्या अक्षरात. शाळेत आमचा बाक एका बाजूने रिकामा झाला.

अब्बा पाच वेळचे नमाजी होते. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण ते आम्हाला नेहमी सांगायचे आणि त्यांनी कुणाचा पैसा बुडवला नाही, हेही खरं आहे. मी एकदा विचारलं होतं, त्या पोराला का नेलं? ते म्हणाले, "उचल लिए तो आना पडता, बेटा. कारखाना मेरेको छोडता क्या?" तेही खोटं नव्हतं. पण त्याच पैशावर माझी शाळा झाली, कॉलेज झालं, आणि मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. वर्गात मी फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, चंपारण शिकवलं. ती वही मात्र ट्रंकेत होती.

कॅलिफोर्नियाहून परत आल्यावर मी ती काढली. आम्ही निघायच्या काही महिने आधीच बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्या गाजल्या होत्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीच नको, असं बायका सांगत होत्या. मी वहीचं पहिलं पान उघडलं. १९७३चा हंगाम. अकरा कोयते, म्हणजे बावीस माणसं. नावं अकरा. फ्रेस्नोच्या दगडासमोर उभा असताना मला वाटलं होतं, की आपण बरे, आपल्या वहीत निदान नावं तरी आहेत. ती निम्मीच होती. ज्या बाईने मला तीन दिवस सांभाळलं, तिचं नाव मलाही माहीत नव्हतं. मी तिला तिच्या मुलाच्या नावाने, त्याची आई म्हणूनच ओळखत होतो.

मी पेन्सिल घेतली आणि गावात गेलो. माझा बाकसोबती भेटला. कंबर वाकलेली, डोळे अधू. हाताच्या बोटांवर कोयत्याचे जुने वण. मी कशाला आलो ते सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने चहा सांगितला. म्हणाला, "तुझ्या बापानं वाईट केलं असं म्या कधी म्हनलं नाही. चांगलं केलं असंबी म्हननार नाही." मी म्हणालो, बरोबर आहे.

त्याने आईचं नाव सांगितलं. मी त्याच्या समोर ते वहीत लिहिलं, त्याच्या वडिलांच्या नावाशेजारी. ब्लॉगवर लिहू का, असं विचारलं तर म्हणाला, "वहीत असू दे. मोबाईलवर नको." म्हणून ते इथं नाही.

अकरांपैकी सात नावं आतापर्यंत मिळाली आहेत. चार राहिली. त्यातली दोन कुटुंबं पुण्याकडे गेली म्हणतात, एकाचा पत्ता शोधतो आहे. चौथ्याच्या घरात आता कुणी नाही, पण शेजारच्या म्हातारीला आठवेल असं गावातले लोक सांगतात. ती सध्या लेकाच्या टोळीबरोबर कारखान्यावर आहे, नातवंडं सांभाळायला. हंगाम उतरल्यावर परत येईल, तेव्हा जाईन.